आय-ट्वेंटी एन लाइन: कोथरूड ते हिंजवडी, दोन वर्षे

नऊ वर्षे निमूटपणे सेवा दिलेली पेट्रोल स्विफ्ट विकून २०२३ च्या दिवाळीत मी ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन घेतली, तेव्हा घरातल्या तीन माणसांची तीन मते होती. आईचे म्हणणे असे की गाडी घ्यायचीच तर चढायला-उतरायला सोपी, जरा उंच घ्यावी. पत्नीचे म्हणणे असे की रोज जवळजवळ चाळीस किलोमीटर कोंडीतून जायचे असेल तर ऑटोमॅटिक घ्यावी. आणि माझे म्हणणे, जे मी फारसे मोठ्याने मांडले नाही, ते असे की चाळिशी उलटल्यावर एकदा तरी चालवायला आवडेल अशी गाडी घ्यावी. या गोष्टीला आता दोन वर्षे झाली आहेत, गाडी २८ हजार किलोमीटर चालली आहे आणि आमच्या तिघांपैकी कोण किती बरोबर होते हे सांगण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे. पार्किंगमध्ये भेटणारे तरुण शेजारी ‘रोजच्या वापराला परवडते का हो?’ असे विचारतात. या ‘परवडण्या’त पैसे, कंबर, वेळ आणि घरच्यांची नाराजी असे सगळेच येत असल्यामुळे त्यांना लिफ्टच्या दारात उभ्या-उभ्या उत्तर देता येत नाही, ते येथे सविस्तर देतो.

आधी ही गाडी नेमकी काय आहे ते पाहू, कारण नावामुळे बराच गैरसमज होतो. ‘एन’ हे अक्षर कोरियातील नामयांग येथील ह्युंदाईचे संशोधन केंद्र आणि जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग हा शर्यतमार्ग या दोन नावांवरून आले आहे, आणि युरोपात आय-ट्वेंटी एन या नावाने जी गाडी विकली गेली तिला १.६ लिटरचे, २०४ पीएस (साधारण अश्वशक्तीच) ताकदीचे आणि २७५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देणारे टर्बो इंजिन (धुराच्या झोताने पंखा फिरवून जादा हवा आत ढकलणारे) होते. ती गाडी भारतात आली नाही. आपल्याकडे मिळते ती एन लाइन, म्हणजे त्याच घराण्यातील सौम्य स्वभावाचे भावंड: ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर, साध्या आय-ट्वेंटीपेक्षा कडक सस्पेन्शन, थोडे जड केलेले स्टिअरिंग, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि मागे दोन तोंडांचा, जरासा घोगरा सायलेन्सर. सप्टेंबर २०२१ मध्ये ती पहिल्यांदा आली, तेव्हा क्लचचे पॅडल नसलेला पण हाताने बदलायचा गिअर किंवा सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक असे दोनच पर्याय होते. सप्टेंबर २०२३ च्या नव्या आवृत्तीत पहिला पर्याय जाऊन तीन पॅडलांचा सहा गिअरचा रीतसर मॅन्युअल आला आणि त्याच वेळी साध्या आय-ट्वेंटीतून टर्बो इंजिन काढून टाकण्यात आले, त्यामुळे तिच्याकडे ८३ पीएसचे १.२ लिटर इंजिनच उरले. म्हणजे आता आय-ट्वेंटीमध्ये टर्बो हवे असेल तर एन लाइनशिवाय मार्ग नाही.

गाड्यांची जाण असलेली मंडळी या गाडीला ‘अर्धी स्पोर्टी’ म्हणून नाक मुरडतात. त्यांचा आक्षेप मला मान्य आहे, मात्र त्यातून ते काढतात तो निष्कर्ष मान्य नाही. दोन वर्षांनंतर माझे ठाम मत असे झाले आहे की रोजच्या वापराच्या दृष्टीने तिचा अर्धेपणा हाच तिचा सर्वात मोठा गुण आहे, आणि ती यापेक्षा आणखी थोडी जरी स्पोर्टी असती तरी मी ती सहा महिन्यांत विकली असती.

या प्रकारच्या गाड्यांचा पुण्याशी जुना संबंध आहे, म्हणून थोडे विषयांतर. २०१३ साली आलेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, जिच्या १०५ पीएसच्या १.२ लिटर इंजिनाने आमच्या पिढीला टर्बो पेट्रोलची चटक लावली, ती चाकणच्या कारखान्यातून निघत असे. २०१५ साली आलेली फियाटची अबार्थ पुंटो, १४५ पीएसची आणि किमतीच्या मानाने अचाट, ती रांजणगावची. दोन्ही आज नव्या मिळत नाहीत. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. मी सेकंड-हँड पोलो जीटी घेण्याचा विचार दोन महिने केला, तीन गाड्या पाहिल्याही. तिचे दार बंद होताना होणारा तो भरीव आवाज अजून कानात आहे. परंतु सात-आठ वर्षे जुन्या गाडीतल्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सची दुरुस्ती निघालीच तर खिशाला मोठे भोक पडेल, शिवाय माझी ही घरातली एकमेव गाडी असणार होती. हौसेची दुसरी गाडी म्हणून घेणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. टाटांची अल्ट्रोझ रेसर जून २०२४ मध्ये आली, म्हणजे माझ्या खरेदीनंतर. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आता रोजचा रस्ता. कोथरूडहून चांदणी चौक, तेथून महामार्गाच्या बायपासने बावधन, बाणेर, बालेवाडी ओलांडून वाकड आणि मग भूमकर चौकातून हिंजवडी, असा साधारण एकोणीस किलोमीटरचा हा प्रवास आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल खुला झाल्यापासून पहिला टप्पा बराच सुटसुटीत झाला आहे, पण शेवटच्या चार किलोमीटरांबद्दल पुणेकरांना वेगळे सांगायची गरज नाही. सकाळी साडेसातला निघालो तर पस्तीस मिनिटे, साडेआठला निघालो तर सव्वा तास. या सव्वा तासात गाडीच्या १२० पीएसपैकी किती वापरले जातात असे कोणी विचारले तर उत्तर दहा-पंधरा असे द्यावे लागेल, आणि तेही एसी धरून.

कोंडीत टर्बो इंजिन कसे वागते हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासून ४,००० फेऱ्यांपर्यंत मिळतो, असे कागदावर लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की १,५०० फेऱ्यांच्या खाली टर्बोला फिरवण्याइतका धूर सायलेन्सरकडे जात नसतो आणि तेव्हा आपल्या हातात उरते ते फक्त एक लिटरचे तीन सिलिंडरचे छोटे इंजिन. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या सरपटत्या वेगात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे हजाराच्या आसपास असतात. तेथे गाडी मंद पडते, किंचित थरथरते आणि पहिला गिअर मागते. पहिल्या गिअरमध्ये टाकली की जरा पाय पडताच ती पुढच्या रिक्षाच्या दिशेने उडी घेते. माझी जुनी स्विफ्ट टर्बोविना होती, तिचा जोर कमी होता, परंतु दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून ती मुंगीच्या पावलांनी बिनतक्रार चालत असे. पहिल्या महिन्यात मला या एका गोष्टीचा पश्चात्ताप झाला होता. नंतर पायाला सवय झाली. क्लच हलका आहे, पुढच्या गाडीशी एक गाडीभर अंतर ठेवून ते संथपणे भरून काढण्याची युक्ती जमली, आणि त्या अंतरात घुसणाऱ्या दुचाकींबद्दल मनातल्या मनात काही न बोलण्याचीही.

ड्युअल क्लच ऑटोमॅटिक घ्यावी का, हा प्रश्न येथेच येतो. मी ती दोनदा चालवून पाहिली. मोकळ्या रस्त्यावर ती मॅन्युअलपेक्षा जलद आणि सफाईदार आहे, यात वाद नाही. मात्र हा गिअरबॉक्स आतून दोन क्लचवरच चालतो, आणि अगदी कमी वेगात थांबत-सरपटत जाताना तो क्लच अर्धवट लावण्याचे काम आपल्याऐवजी संगणक करतो. उड्डाणपुलाच्या चढावर ब्रेकवरून पाय किंचित उचलून गाडी तोलून धरणाऱ्याने त्या क्लचची झीज ओढवून घेतलीच म्हणून समजावे. जुन्या पद्धतीच्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकला (जिच्यात क्लचऐवजी द्रवातून ताकद पुढे जाते) हे चालते, याला नाही. एवढे पाळता आले तर हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्याला रोज जाणाऱ्याने ऑटोमॅटिकच घ्यावी. आठवड्यातले निदान दोन दिवस, कार्यालयातून परतताना डावा पाय भरून येतो तेव्हा, पत्नीचे म्हणणे मला पटते.

आईचे म्हणणे मात्र त्याहून अधिक वेळा पटले आहे. एन लाइनचे सस्पेन्शन कडक आहे हे सगळेच लिहितात, पण ‘कडक’ म्हणजे काय हे पुढच्या सीटवरून कळत नाही. स्विफ्टला १६५/८० मापाचे चौदा इंची टायर होते, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १३२ मिलिमीटर उंचीचे रबर होते. या गाडीला १९५/५५ मापाचे सोळा इंची टायर आहेत, म्हणजे ती उंची १०७ मिलिमीटर. मधले पंचवीस मिलिमीटर दिसायला काहीच नाहीत, पण खड्ड्याची धार बोथट करण्याचे पहिले काम तेच करीत असतात. त्यात मागची दोन चाके एकाच आडव्या तुळईने जोडलेली असल्याने आणि मागची सीट त्या तुळईच्या अगदी जवळ असल्याने, चालकाला जो खड्डा ‘टक’ असा वाटतो तो मागे बसलेल्याला ‘धप्प’ असा बसतो. वेग वाढला की हीच गाडी आश्चर्यकारक रीतीने शांत होते. ताशी ऐंशीला बायपासच्या सांध्यांवरून जाताना ती स्विफ्टपेक्षा कितीतरी स्थिर वाटते. तिचा खरा त्रास ताशी वीस ते चाळीस या वेगात आहे, आणि दुर्दैवाने शहरातले आपले बहुतेक आयुष्य त्याच वेगात जाते.

स्पीडब्रेकरबद्दल बोलायलाच हवे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. आमच्या गल्लीतले तीन स्पीडब्रेकर हे कोणाच्या तरी घरासमोर, कोणाच्या तरी आग्रहावरून, उरलेल्या डांबरातून जन्मलेले आहेत. त्यांना रुंदी नाही, केवळ उंची आहे. ही गाडी त्यांना घासत नाही, पण त्यांच्यावरून जाताना पहिला गिअर आणि संयम दोन्ही लागतात. पुढच्या बंपरची खालची पट्टी सोसायटीच्या तळघराच्या उतारावर एकदा घासली, ती माझ्याच घाईने. तेव्हापासून मी तो उतार तिरका उतरतो.

आई बहात्तर वर्षांची आहे आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांना वयाची जाणीव झालेली आहे. मागच्या सीटवर बसून पहिल्यांदा सिंहगड रस्त्याने मावशीकडे जाऊन आल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘गाडी चांगली आहे रे, पण मला सगळे खड्डे मोजता आले.’ त्यानंतर आम्ही जागा बदलल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यावर असल्याने पुढच्या सीटवर धक्का कमी जाणवतो, म्हणून आता आई पुढे बसते आणि पत्नी मागे. आईच्या दृष्टीने हा बदल यशस्वी आहे. मागे बसणाऱ्या व्यक्तीची आतल्या काळ्या रंगाबद्दलची तक्रार मात्र कायम आहे. सीट काळ्या, छत काळे, दारे काळी आणि त्यावर लाल टाके. छायाचित्रात हे देखणे दिसते आणि मे महिन्यात दुपारी उन्हात तापून निघते. चढण्या-उतरण्याची अडचण टाळता आलेली नाही. गाडीची उंची १,५०५ मिलिमीटर आहे, सीट त्या मानाने खाली आहे आणि आईला उतरताना दाराची चौकट धरावी लागते. घरात वयस्कर माणूस असेल आणि तो आठवड्यातून तीनदा गाडीत बसणार असेल तर या एका कारणासाठी ही गाडी घेऊ नये, असेच मी सांगेन.

गंमत अशी की हीच १,५०५ मिलिमीटरची उंची एका ठिकाणी वरदान ठरली. आमची इमारत पुनर्विकासानंतर उभी राहिली आहे आणि तिच्यात दोन मजली यांत्रिक पार्किंग आहे. आमच्या वाट्याला आलेल्या खालच्या कप्प्याची मर्यादा १,५५० मिलिमीटर आहे. समोरच्या विंगमधल्या तिघांनी उंच एसयूव्ही घेतल्या, त्या आता रस्त्यावर कडुनिंबाखाली उभ्या असतात आणि कावळ्यांच्या सेवेत असतात. पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतीत राहणाऱ्याने गाडी पाहायला जाण्याआधी आपल्या पार्किंगची उंची फीतीने मोजून घ्यावी.

विक्रेत्याने मला चाचणीसाठी जो रस्ता दिला तो नुकताच डांबरीकरण झालेला, सरळ आणि दोन किलोमीटर लांबीचा होता. अशा रस्त्यावर कोणतीही गाडी चांगलीच वाटते. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आग्रहाने गाडी आमच्या गल्लीत आणली, तिन्ही स्पीडब्रेकरवरून नेली, तळघरात उतरवली आणि सायंकाळी सहाला कर्वे रस्त्यावर अर्धा तास अडकवून ठेवली. सोबतच्या विक्री प्रतिनिधीची चुळबुळ मी दुर्लक्षिली. चुकलो ते एकाच बाबतीत: मागच्या सीटवर आईला बसवायला हवे होते, तेथे मी त्या प्रतिनिधीला बसवले, आणि त्याला तक्रार करण्याची मुभा नव्हती.

हे सारे वाचून कोणाला वाटेल की गाडी घेऊन मी फसलो. तसे नाही, आणि ते का नाही हे समजण्यासाठी रविवारी सकाळी सहाला चांदणी चौकातून डावीकडे वळून भूगाव, पिरंगुट, पौड असे करीत मुळशीच्या दिशेने जावे लागते. पावसाळ्यात पुढच्या ताम्हिणी घाटात पर्यटकांची जत्रा असते, तेव्हा जाण्यात अर्थ नाही; दिवाळीनंतर, गवत पिवळे पडू लागले की तो रस्ता आपला होतो. मुळशी धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जाणारी वळणे सुरू झाली की या गाडीचा स्वभाव उलगडतो. तिसरा गिअर टाकायचा आणि विळ्याला खाली उतरेपर्यंत तो बहुधा बदलायचाच नाही. ताशी चाळीसला इंजिन टर्बोच्या टप्प्यात आलेले असते, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना पाय टेकवला की गाडी कुरकुर न करता ओढली जाते, आणि सत्तरच्या पुढे जाण्याची गरजही पडत नाही. शहरात छळणारे तेच सस्पेन्शन येथे गाडीला वळणात कलू देत नाही. शहरात उगीच जड वाटणारे तेच स्टिअरिंग येथे, पुढची चाके कुठे आहेत हे मोजक्या शब्दांत सांगत राहते. फार बोलके ते नाही, जुन्या पोलोचेही नव्हते. चार डिस्क ब्रेकांचा फायदा लांब उतारावर कळतो, कारण एकामागून एक वीस वळणांवर ब्रेक लावूनही पॅडलचा भरवसा बदलत नाही.

महत्त्वाचे हे की हा आनंद ताशी चाळीस ते साठ या वेगात मिळतो. २०४ पीएसची गाडी याच घाटात नेली असती तर ती जागी होण्याआधीच वळण आले असते; तिला जागे ठेवायचे तर ज्या वेगाने जावे लागेल तो वेग, समोरून दुधाचा टेम्पो कधीही येऊ शकेल अशा दोनपदरी रस्त्यावर मी बाळगू इच्छित नाही. द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी शंभरची मर्यादा आहे आणि कॅमेरेही आहेत. तेथे जादा ताकदीचा उपयोग ट्रकला मागे टाकण्यापुरता, आणि त्याला १२० पीएस भरपूर होतात. मघाशी मी अर्धेपणाला गुण म्हटले ते यासाठी. आपल्या रस्त्यांवर कायद्यात आणि शहाणपणात राहून जेवढे वापरता येते, त्याच्या जरासेच वर या गाडीची मर्यादा आहे, त्यामुळे ती पूर्ण वापरल्याचे समाधान मिळते.

पुष्कळ तरुण साधी गाडी घेऊन बाहेरून इंजिनचे प्रोग्रामिंग बदलून घेतात किंवा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, वॉरंटी जाते ती वेगळीच, आणि अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते. एन लाइनचा आवाज मुळातच थोडा घोगरा असल्याने ती हौस कारखान्यातूनच भागलेली असते. सकाळी सहाला पार्किंगमध्ये कोणाची झोप मोडेल इतका तो मोठा नाही, हे दोन वर्षांत कोणीही तक्रार न केल्यावरून सांगतो. आमच्या सोसायटीत तक्रारीला कारण लागत नाही, हे लक्षात घ्यावे.

पैशांचा हिशेब. सप्टेंबर २०२३ मध्ये या गाडीची एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९९ हजारांपासून सुरू झाली, ती एन६ या खालच्या श्रेणीची. हा आकडा केवळ ग्राहकाच्या मनाला बरा वाटावा म्हणून नसतो: महाराष्ट्रात पेट्रोल मोटारींवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के रस्ता कर आहे, त्यामुळे दहा लाखांची रेषा ओलांडताच सगळ्या रकमेवर एक टक्का जादा जातो. मी वरची एन८ श्रेणी घेतली आणि तो टक्का भरला. आज घ्यायची झाल्यास एन६ घेईन, कारण मोठ्या पडद्याचा मला उपयोग नकाशापुरताच होतो. गाडीची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे, म्हणजे चार मीटरला पाच मिलिमीटर कमी, आणि इंजिन १,२०० सीसीच्या आत; या दोन अटींमुळे ती लहान गाड्यांच्या करात बसते. मी घेतली तेव्हा तो कर उपकरासह २९ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. दोन वर्षे थांबलो असतो तर बरीच रक्कम वाचली असती, पण असे म्हणत थांबणाऱ्याची गाडी कधीच येत नाही. विम्यात एक छोटी गंमत आहे. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनच्या आकारावर ठरतो. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे नव्या गाडीला तीन वर्षांसाठी १,००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये. म्हणजे १२० पीएसची एन लाइन ९९८ सीसीमुळे स्वस्त गटात, आणि ८३ पीएसची साधी आय-ट्वेंटी १,१९७ सीसीमुळे महाग गटात.

हे वाचलेले पैसे पेट्रोलपंपावर परत द्यावे लागतात. कोंडीच्या रोजच्या रस्त्यावर माझी सरासरी लिटरला साडेअकरा किलोमीटर आहे, सातारा किंवा नाशिकला सरळ जाताना सतरा. कागदावरच्या आकड्याच्या आसपासही ती कधी गेली नाही. महिन्याला बावीस दिवस, दिवसाला अडतीस किलोमीटर, लिटरला १०४ रुपये, असा हिशेब केला तर केवळ कार्यालयाचे पेट्रोल साडेसात हजारांवर जाते. याच रस्त्यावर लिटरला पंधरा देणारी साधी गाडी असती तर पावणेदोन हजार वाचले असते. माझ्या दृष्टीने ते रविवारच्या चार सकाळींचे तिकीट आहे; ज्याला रविवारी झोपायला आवडते त्याने ते काढू नये. टाकी ३७ लिटरची असल्याने महिन्यातून दोनदा तरी पंपावर जाणे होतेच.

डिकी ३११ लिटरची आहे आणि तिने आजवर निराश केलेले नाही. मे महिन्यात चिपळूणहून येताना आंब्याच्या तीन पेट्या, दोन बॅगा आणि फणस एवढे सामान मागची सीट न पाडता बसले. वास मात्र पुढचे दोन आठवडे उतरला नाही. मागे दोघे आरामात बसतात, तिसऱ्याने लहान असावे. सुरक्षिततेबाबत एक गोष्ट नोंदवतो. गाड्या आपटवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२२ मध्ये दोन एअरबॅग असलेल्या आय-ट्वेंटीची चाचणी केली होती आणि प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी तिला ३ तारे दिले होते. त्यानंतर २०२३ च्या आवृत्तीत सहा एअरबॅग सर्व श्रेणींत आल्या. तुलनेसाठी, अल्ट्रोझला २०२० मध्येच ५ तारे मिळाले होते. ज्याच्या यादीत हा मुद्दा सर्वात वर असेल त्याने तो वरच ठेवावा.

अल्ट्रोझ रेसर एका मित्राकडे आहे आणि तिच्यात मी दोनशे किलोमीटर तरी काढले असतील. ताकद तेवढीच, १२० पीएस आणि १७० न्यूटन मीटर, इंजिन १.२ लिटरचे. खड्ड्यांतून ती एन लाइनपेक्षा समजूतदारपणे जाते आणि तिची दारे नव्वद अंशांत उघडतात, त्यामुळे आईला तिच्यात बसणे-उतरणे सोपे गेले. इंजिन मात्र एन लाइनचे अधिक उत्साही आहे, आणि घाटात गिअर बदलताना हाताला मिळणारा प्रतिसादही.

गेल्या सहा महिन्यांत पार्किंगमधल्या दोघांनी माझा सल्ला विचारला. एक जण अविवाहित, खराडीला जाणारा, आठवड्यातून एकदा लोणावळ्याकडे भटकणारा. त्याला मी ऑटोमॅटिक एन लाइन घ्यायला सांगितले आणि त्याने घेतली. दुसऱ्याच्या घरी वर्षाची मुलगी आणि गावाहून येऊन-जाऊन असणारे आईवडील आहेत. त्याला मी फक्त माझी गाडी दिली आणि म्हटले की वडिलांना मागे बसवून वारजे पुलाखालून एक फेरी मारून ये. तो अर्ध्या तासाने परतला, किल्ली दिली, आभार मानले आणि त्याच शनिवारी दुसऱ्या शोरूममध्ये जाऊन उंच, मऊ आणि माझ्या मते अतिशय कंटाळवाणी गाडी नोंदवून आला. परवा त्याच्या वडिलांना मी तिच्यातून उतरताना पाहिले. त्यांना कशालाही धरावे लागले नाही.